नॉमिनी आहे, मृत्युपत्र आहे, तरी घर अडकतं: कागदांचा क्रम कुठे चुकतो

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी अकरा वर्षं सचिव होते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नवऱ्याच्या तेराव्यानंतर निळी फाइल घेऊन आल्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. आमच्या रजिस्टरमध्ये नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, फॉर्म लग्नाआधीचा, आणि सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालेली. मृत्युपत्रही होतं, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, सगळं बायकोच्या नावे. पण खाली साक्षीदाराची सही एकच. त्यामुळे ते मृत्युपत्र कायद्याने उभंच राहिलं नाही. बायको, मुलगा आणि मुलगी असे तिघं समान वारस झाले. मुलगा परदेशातून सुट्टी काढून आला, दोन्ही मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) केलं, तेव्हा कुठे चौदा महिन्यांनी फ्लॅट वहिनींच्या नावावर लागला. मुलं चांगली होती म्हणून चौदाच महिने.

त्या गृहस्थांनी आळस केला नव्हता. फॉर्म भरला होता, मृत्युपत्र लिहिलं होतं. फक्त क्रम आणि दोन-तीन बारीक गोष्टी चुकल्या. आयुष्यभर एसआयपी, एफडी, गृहकर्जाचे हप्ते सांभाळून जमवलेलं सगळं अशा बारीक गोष्टींवर अडतं. म्हणून हा क्रम लिहून देते. घाईने उड्या मारू नका. मृत्युपत्र पाचव्या टप्प्यावर येतं, पहिल्या नाही.

## टप्पा १: आधी यादी

शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: काय आहे, कुठे आहे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. तिसरा आणि चौथा रकाना शेजारी-शेजारी ठेवा. सगळा घोळ याच दोन रकान्यांत सापडतो.

घर, एफडी, म्युच्युअल फंड हे आठवतं. विसरतं ते असं: पहिल्या नोकरीतला पीएफ, लग्नात मिळालेले कागदी शेअर, हप्ते बंद पडलेली विमा पॉलिसी, पतसंस्थेतली ठेव, लॉकर, भावाला उसने दिलेले पैसे, गावच्या जमिनीतला हिस्सा. देणीही लिहा: गृहकर्ज, सोनेतारण आणि दुसऱ्याच्या कर्जाला राहिलेला जामीन. जामिनाची गोष्ट नवरे बायकोला सांगत नाहीत आणि नंतर घरी नोटीस येते.

बँकेतली ठेव दहा वर्षं कोणी विचारली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मागता येते आणि शोधण्यासाठी ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. तेही परत मिळतात, पण कागदपत्रांचा रगाडा मोठा असतो. आई-वडिलांच्या नावाने आताच शोधून पाहा.

पतसंस्थेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांतल्या ठेवींनाही असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. यादी करताना आकडा मोठा दिसला, तर विचार करा.

तपासा: वही जोडीदाराच्या हातात द्या आणि काही न बोलता बसा. तिला किंवा त्याला ज्या ओळीवर प्रश्न पडेल, ती ओळ अपुरी आहे. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहू नका.

## टप्पा २: तुमचं आहे, पण कागदावर तुमचं आहे का?

इथे बहुतेक लोक घाई करतात, म्हणून थोडं थांबते.

फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा सरकारी उतारा), आधीच्या मालकांचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र, एवढं एकत्र हवं. कर्ज फिटल्यावर मूळ करारनामा बँकेतून परत आणायला किती जण विसरतात! पुनर्विकासाच्या वेळी धावपळ होते आणि तोवर शाखा तिसऱ्याच ठिकाणी हललेली असते.

मग नावं जुळवा. करारावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनताई’, पॅनवर माहेरचं आडनाव. माणूस जिवंत असताना हे आठवड्याभरात दुरुस्त होतं. गेल्यावर प्रतिज्ञापत्रांची माळ लागते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे घर अजून वडिलांच्याच नावावर असणं. वडील जाऊन वीस वर्षं झाली, मेंटेनन्स तुम्ही भरता, बहीण-भाऊ कधी काही बोलले नाहीत. तरी कायद्याने त्यात आईचा, भावाचा आणि बहिणीचाही वाटा आहे. अख्खा फ्लॅट मुलाला देतो असं तुम्ही मृत्युपत्रात लिहिलंत, तरी तुमच्या वाट्यापलीकडे ते चालत नाही. आधी वडिलांचा वारसा पूर्ण करा. गावच्या जमिनीसाठी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करा, फेरफार मंजूर करून घ्या आणि नवा सातबारा काढून डोळ्यांनी नाव पाहा. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहा.

बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणार असाल, तर ते नोंदणीकृतच हवं. साध्या स्टँपपेपरवरची सही टिकत नाही. आणि तिला काय सोडायला सांगताय, ते तिला नीट समजावून सांगा. राखीपौर्णिमेला जेवणाच्या ताटावर कागद पुढे करून घेतलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. अशा सहीने घर नावावर होतं, पण बहीण पुन्हा घरी येत नाही.

सावध: शेअर सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो आणि नव्या सभासदाचं नाव, तारीख, सोसायटीच्या सह्या तिथेच होतात. प्लास्टिक चढवलं की तिथे काही लिहिता येत नाही. आमच्या वहिनींना दुसरी प्रत काढावी लागली.

## टप्पा ३: दुसरं नाव घालायचं की घर देऊन टाकायचं?

एफडीवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलं की मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात. बँकेला त्रास नको म्हणून केलेली ती सोय आहे. इतर वारसांचा हक्क तिने आपोआप संपत नाही. फ्लॅटचंही तसंच. करारात बायकोचं नाव दुसरं आहे म्हणून नवरा गेल्यावर अख्खा फ्लॅट आपसूक तिचा होत नाही. नवऱ्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे किंवा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो.

‘कशाला नंतरची कटकट, आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकतो’ असं म्हणणारे आजोबा प्रत्येक इमारतीत असतात. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने, म्हणजे जिवंतपणीच मोबदला न घेता, देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळे. स्वस्त आहे म्हणून मोह होतो. पण बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात तुम्ही झोपता, ते घर जिवंतपणी कोणाला देऊ नका. द्यायचंच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सांभाळ न केल्यास असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी अट कागदावर दिसावी लागते. मुलावर विश्वास आहे म्हणून अट घातली नाही, असं सांगत न्यायाधिकरणात बसलेले आई-बाप पाहावत नाहीत.

## टप्पा ४: नॉमिनेशन

नॉमिनी हा मालक नसतो. बँक, सोसायटी, फंड यांनी कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. तो माल ताब्यात घेतो आणि खऱ्या वारसांना देतो. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीतही नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. आयुर्विम्यात २०१५ पासून फरक आहे. तिथे आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम त्यांच्याच हक्काची ठरते. म्हणून विम्यावरचं नाव मृत्युपत्राइतकंच गांभीर्याने लिहा.

ठिकाणानुसार हे पाहा:

1. पीएफ. लग्नाआधी आईचं किंवा वडिलांचं नाव दिलं असेल, तर लग्नानंतर ते नामनिर्देशन रद्द ठरतं. नव्याने भरावंच लागतं. हे ऐकून दहातले निम्मे जण चमकतात.
2. बँक. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकानंतर एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र एकानंतर एक असाच क्रम चालतो.
3. म्युच्युअल फंड आणि डीमॅट. प्रत्येक फोलिओ (फंडातलं खातं) उघडून पाहा. जुन्या फोलिओत नॉमिनी नसतो, नव्यात असतो आणि आपल्याला वाटतं सगळीकडे आहे.
4. सोसायटी. उपविधींतला (सोसायटीच्या नियमावलीतला) परिशिष्ट १४ चा फॉर्म तीन प्रतींत, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह द्या. कमिटीच्या सभेत नोंद झाल्यावर शिक्का-सहीची प्रत परत मागा. पहिल्या नामनिर्देशनाला फी नसते. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर दोघांनीही आपापल्या हिश्शाचा फॉर्म भरा.

सोसायटीत नॉमिनीला आता तात्पुरतं सभासद करून घेतात. वारस ठरून नोंदीवर येईपर्यंत तेवढंच. कमिटीतले लोकही इथे चुकतात आणि नॉमिनीला थेट मालक समजून सर्टिफिकेट त्याच्या हातात देतात. पुढे दुसरी मुलं उभी राहिली, की सोसायटीही वादात ओढली जाते.

तपासा: यादीतल्या चौथ्या रकान्यात एखादं नाव हयात नसलेल्या माणसाचं आहे का? घटस्फोट झालेल्या जोडीदाराचं? अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचं, पालकाचं नाव न लिहिता?

## टप्पा ५: मृत्युपत्राचा मजकूर

आधी एक समजून घ्या. मृत्युपत्र केलं नाही, तर काय होईल? हिंदू पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. वडील वारसांच्या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. मूलबाळ आणि नवरा नसलेल्या स्त्रीची स्वकमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते, माहेरचे त्यांच्यानंतर. नोकरी करून स्वतःचा फ्लॅट घेतलेल्या विधवा बाईने आपल्या बहिणीला किंवा भाचीला काही द्यायचं ठरवलं असेल, तर मृत्युपत्राशिवाय तिला इलाज नाही. माझ्या ओळखीतल्या अशा प्रत्येकीला मी हे वाक्य म्हणून दाखवते.

सगळ्यांना सगळं हवं तसं देता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्याचा वारसा कायदा लागू असलेल्यांना मुलं असतील, तर आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचंच मृत्युपत्र करता येतं आणि पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते. गोव्याचं मूळ असलेल्यांनी पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून मजकूर उतरवू नये.

स्टँपपेपर लागत नाही. साधा कागद, हाताने किंवा टाइप करून, मराठीतही चालतं. ‘मी शुद्धीवर, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ आणि ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ ही दोन वाक्यं सुरुवातीला हवीत. पुढच्या मजकुरात लोक या जागी फसतात:

एफडीचे पावती नंबर लिहिणं. ठेव नूतन झाली की नंबर बदलतो. त्याऐवजी ‘अमुक बँकेच्या तमुक शाखेत माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी’ असं लिहा.

फ्लॅटचा जुनाच नंबर. मुंबई, ठाणे, पुण्यात इमारती धडाधड पुनर्विकासाला जातायत. ‘सदनिका क्रमांक ७, किंवा तिच्या बदल्यात पुनर्विकासात मिळणारी सदनिका, भाडं व कॉर्पस रक्कम’ एवढे शब्द घाला (कॉर्पस म्हणजे पुनर्विकासात बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम). या एका ओळीने पुढची मोठी भांडणं टळतात.

पर्याय न देणं. ज्याला दिलं तो आधी गेला तर? ‘तो हयात नसल्यास त्याच्या मुलांना’ की ‘माझ्या मुलीला’, हे लिहून ठेवा.

‘बाकी सगळं’ विसरणं. शेवटी एक कलम हवंच: ‘वर न उल्लेखलेली व पुढे मिळणारी माझी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला.’ नाहीतर उरलेल्याचे पुन्हा वारसाहक्काने वाटे पडतात.

बायकोला ‘राहू द्यावे’ एवढंच लिहिणं. फ्लॅट मुलाला आणि आईला तहहयात राहण्याचा हक्क, अशी पद्धत खूप आहे. मग मेंटेनन्स कोण भरणार? ती खोली भाड्याने देऊ शकते का? पुनर्विकासात सही कोणाची? तिला उतारवयात मुलाकडे हात पसरायला लावू नका. तिच्याच नावे करा, पुढे ती मुलांना देईल. तसं नको असेल, तर ही सगळी उत्तरं स्पष्ट लिहा.

नवरा-बायकोने एकच जोडमृत्युपत्र करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो की नाही, यावर वाद होतात. दोन वेगळी करा.

मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा व्यवस्थापक म्हणून कोणाला तरी नेमा. सगळी मुलं परदेशात असतील, तर इथल्या विश्वासू माणसाला. बँकेच्या आणि सब-रजिस्ट्रारच्या पायऱ्या अमेरिकेतून चढता येत नाहीत.

## टप्पा ६: सही, साक्षीदार, नोंदणी

1. प्रत्येक पानावर सही करा, शेवटी पूर्ण सही, तारीख आणि ठिकाण. खाडाखोड असेल, तर तिथेही सही.
2. किमान दोन साक्षीदार. तुम्ही सही करताना दोघांनी पाहिलेलं हवं किंवा ‘ही माझीच सही’ असं तुम्ही त्यांना सांगितलेलं हवं. आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केलेली हवी.
3. ज्यांना काही मिळणार आहे ते, आणि त्यांचे नवरे-बायका, साक्षीदार नकोत. संशयाला जागा कशाला?
4. साक्षीदार वयाने लहान आणि सापडणारे निवडा. पुढे वाद झाला, तर एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. पंच्याहत्तरीच्या मित्राने सही केलेली अनेक मृत्युपत्रं मी पाहिली आहेत. भावना समजते, उपयोग होत नाही.
5. वय जास्त असेल किंवा मोठं आजारपण असेल, तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

ई-मेल, व्हॉट्सॲपवरचा निरोप किंवा डिजिटल सही म्हणजे मृत्युपत्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तांतून वगळलं आहे.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी असं माझं मत आहे. मुद्रांक शुल्क नसतं. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जातो, त्यामुळे ‘ही सही बाबांची नाहीच’ म्हणणं अवघड होतं. तुम्ही हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाला त्याची नक्कल मिळत नाही. पण नोंदणीकृत आहे म्हणून ते अंतिम, असंही नाही. नंतरचं साध्या कागदावरचं, नीट साक्षी असलेलं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृताला रद्द करू शकतं.

तपासा: आता परत टप्पा ४ ची यादी काढा. मृत्युपत्रात एफडी मुलीला आणि नॉमिनी मुलगा, असं कुठे राहिलंय का? शक्य तिथे नॉमिनी आणि वारस एकच ठेवा.

## टप्पा ७: ठेवायचं कुठे?

लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असा पेच नको. मूळ प्रत घरात पाण्यापासून सुरक्षित जागी, एक झेरॉक्स व्यवस्थापकाकडे. मजकूर कोणाला सांगायचा नसेल तर सांगू नका. जागा मात्र दोघांना सांगा.

## टप्पा ८: माणूस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत

हा भाग मुलांसाठी.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत होते ना, ते पाहा आणि दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढा. दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा.

सावध: बाबांचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, दवाखान्याचं बिल द्यायचं असलं तरी. दुसऱ्या वारसाने तक्रार केली, तर उत्तर नसतं. मुखत्यारपत्रही माणसाबरोबरच संपतं. त्यावर नंतर केलेली सही चालत नाही.

नोकरीत असताना माणूस गेला असेल, तर पीएफच्या रकमेबरोबर पेन्शन आणि ठेवसंलग्न विमा, हे तीन वेगळे दावे असतात. त्या विम्याची रक्कम सात लाखांपर्यंत जाते आणि कोणी सांगितलं नाही, तर घरचे मागतच नाहीत.

मग सोसायटी. नॉमिनीने सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. नॉमिनी नसेल, तर सोसायटी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेली कौटुंबिक व्यवस्था, यांपैकी काय आहे त्यावर पुढचं हस्तांतरण होतं. वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावे हस्तांतरण करताना सोसायटीला प्रीमियम (हस्तांतरणासाठीची रक्कम) घेता येत नाही. कोणी मागितलाच, तर उपविधी दाखवा.

शेअर सर्टिफिकेटच्या मागे नवं नाव चढलं, की त्याच दिवशी नव्या सभासदाने नामनिर्देशनाचा फॉर्म द्यावा. वहिनी सर्टिफिकेट घ्यायला आल्या, तेव्हा मी तीन प्रती आणि पेन टेबलावर काढूनच ठेवलं होतं. त्यांनी तिथेच बसून मुलगा आणि मुलगी दोघांची नावं लिहिली, निम्मं-निम्मं.